'अनुशासन' : एका शब्दाच्या राजकीय विनियोगाचा इतिहास

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी ज्या उद्घोषणेवर स्वाक्षरी केली, तिच्यातील कारणदर्शक शब्द मोजकेच होते. अंतर्गत अशांततेमुळे देशाची सुरक्षितता धोक्यात आली आहे, एवढाच त्यांचा आशय. या प्रसंगी एक गोष्ट सहसा विसरली जाते. देशात त्या वेळी आणीबाणी आधीपासूनच चालू होती. ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध जुंपले तेव्हा पुकारलेली ती आणीबाणी १९७५ मध्येही उठविण्यात आलेली नव्हती. म्हणजे केवळ अधिकारांचाच प्रश्न असता तर त्यांतील पुष्कळसे शासनाच्या हाती होतेच. नव्या उद्घोषणेने जे मुख्यतः बदलले ते शत्रूचे वर्णन. १९६२ व १९७१ च्या उद्घोषणांतील शत्रू सीमेपलीकडचा होता. १९७५ च्या उद्घोषणेतील शत्रू घरातला होता, आणि त्याला नाव नव्हते.

परचक्राच्या वेळी शासनाला शब्दांसाठी फारसे श्रम पडत नाहीत. 'आक्रमण', 'संरक्षण', 'बलिदान' हे शब्द लोकांच्या तोंडी असतातच. परंतु ज्या नागरिकांच्या नावाने राज्य चालते, त्यांच्यापैकीच काहींना विनाचौकशी तुरुंगात टाकावयाचे असेल तेव्हा हा शब्दसंग्रह अपुरा पडतो. मग नव्या शब्दाचा शोध सुरू होतो. १९७५ साली तो शब्द शासनास सापडला, आणि तो एका मराठी माणसाकडून मिळाला. 'अनुशासन पर्व' या शब्दयुग्माचा तो इतिहास भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आणीबाणीचा समग्र राजकीय इतिहास येथे अभिप्रेत नाही.

प्रथम 'आणीबाणी' या शब्दाविषयी थोडेसे. हिंदीत या स्थितीस 'आपातकाल' म्हटले गेले. 'आपात' म्हणजे येऊन कोसळणे. या शब्दात कर्ता नाही, वरून काही तरी पडते आणि माणूस त्याखाली सापडतो. मराठीने मात्र आपला जुना बोलीतला शब्द उचलला. 'आणीबाणीची वेळ' हा प्रयोग निकराच्या, निर्णायक प्रसंगासाठी रूढ होता. संविधानाच्या मराठी अनुवादात तोच पारिभाषिक ठरला. त्यामुळे मराठी माणसाच्या कानाला १९७५ ची घोषणा कायद्यापेक्षा प्रसंगाची सूचना देणारी वाटली असावी. प्रसंग म्हटला की तो येतो आणि सरतो. एकवीस महिने चालणारा प्रसंग मराठी भाषेने यापूर्वी कल्पिला नव्हता.

आता मुख्य विषयाकडे वळू. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या गावी झाला. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी पवनार आश्रमात एक वर्षाचे मौन धारण केले होते. जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनावरून सर्व सेवा संघात दुफळी पडली होती, तिची पार्श्वभूमी या मौनास होती. २६ जून १९७५ च्या पहाटे जयप्रकाशांना दिल्लीत अटक झाली. पुढील काळात, मौन चालू असतानाच, भेटीस आलेल्यांसमोर विनोबांनी 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द पुढे केले. शासनाच्या प्रचारयंत्रणेने ते तत्काळ उचलले. भिंतींवर, फलकांवर, वृत्तपत्रांत ते झळकले. इंग्रजीत त्यांचा अनुवाद 'एरा ऑफ डिसिप्लिन' असा करण्यात आला. पंतप्रधानांच्या नावाने प्रसृत झालेल्या 'दूरदृष्टी, पक्का इरादा, कडी मेहनत, अनुशासन' या घोषणेतही तो शब्द अखेरच्या, म्हणजे सर्वाधिक वजनाच्या जागी बसला. विनोबांना विरोधकांनी 'सरकारी संत' ठरविले.

येथे भाषाभ्यासकाने थांबून विचारावयाचे ते असे, की विनोबांनी नेमके म्हटले काय? दोन नामे, आणि क्रियापद नाही. 'हे अनुशासन पर्व आहे', 'हे अनुशासन पर्व असावे', 'हे अनुशासन पर्व आहे काय?' अशी किमान तीन वाक्ये त्या दोन नामांतून निघू शकतात. वर्णन, अपेक्षा आणि प्रश्न यांतील निवड क्रियापद करते. मौनी माणसाने क्रियापद वाचविले आणि शासनाने ते आपल्या पदरचे घातले. पुढील सारा अनर्थ या अध्याहृत 'आहे'मध्ये साठलेला आहे.

नामांचा अर्थही तपासला पाहिजे. 'शास्' या धातूच्या पोटी संस्कृतात मोठे कुटुंब आहे : शासन, शास्त्र, शिष्य, शिष्ट, शास्ता. मराठीतील 'शास्ती', म्हणजे दंड, हीही त्याच घरची. शिकविणे, आज्ञा करणे व दंड करणे हे तिन्ही अर्थ या धातूत एकत्र नांदतात. भाषेने ते उपसर्गांनी वेगळे केले. 'अनु' लागला की शिकविण्याचा अर्थ पुढे येतो. व्याकरणशास्त्रास 'शब्दानुशासन' म्हणतात. वैयाकरण शब्दांना शिक्षा करीत नाही. शिष्टांच्या वापरात असलेल्या शब्दांमागून जाऊन त्यांचे नियम सांगतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या पूर्ण करून निघालेल्या शिष्यास आचार्य जो उपदेश करतात, त्यास 'अनुशासन' हेच नाव आहे. विशेष हे, की त्या उपदेशात आपल्या आचरणातील चांगले तेवढेच अनुसरावे, बाकीचे नाही, असेही आचार्य सांगतात. अनुशासन करणाराच शिष्याच्या हाती विवेकाचा अधिकार देतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्बळ नाही. राजानेही अनुशासन केल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा आपल्याकडेच आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारे येथे मिळाला. अन्यत्र पूर्ण स्वरूपात सापडलेल्या याच लेखाच्या पाठांत राजाच्या धर्मयात्रांचे वर्णन आहे. पूर्वीचे राजे मृगयेस निघत, अशोक धर्मासाठी निघतो, जनपदातील लोकांस भेटतो, त्यांना धर्माची अनुशिष्टि देतो. तेव्हा अनुशासन आचार्यांचेच असे म्हणणे इतिहासास सोडून आहे, असे कोणी म्हणेल. परंतु त्या लेखात अनुशिष्टीला लागूनच दुसरा शब्द आला आहे : संस्कृत छायेत 'धर्मपरिपृच्छा', म्हणजे धर्माविषयी विचारपूस. राजा सांगतो, आणि प्रश्नोत्तरही होते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही जोडी अभेद्य आहे. प्रश्न वजा केले की उरते ते शासन, मग त्याला कोणताही उपसर्ग लावा. १९७५ च्या जूनअखेर अंतर्गत सुरक्षा कायद्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या 'मिसा'त, दुरुस्ती होऊन स्थानबद्ध माणसाला अटकेची कारणे कळविण्याचेही बंधन उरले नाही. वृत्तपत्रांवर अभ्यवेक्षण होतेच. परिपृच्छेचे दोन्ही दरवाजे बंद झाल्यावर भिंतीवर 'अनुशासन' लिहिले गेले.

विनोबांच्या शब्दयुग्माचा दुसरा अवयव 'पर्व' हा आहे, आणि तो सरळ महाभारताकडे बोट दाखवितो. अनुशासनपर्व हे महाभारताचे तेरावे पर्व. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ते रा. ना. दांडेकर यांनी संपादिले व १९६६ मध्ये, त्या प्रचंड कार्याच्या समाप्तीच्या वर्षीच, ते प्रसिद्ध झाले. सामान्य मराठी वाचकाचा या पर्वाशी परिचय बहुधा विष्णुसहस्रनामापुरता असतो. पर्वाची रचना अशी : युद्ध संपले आहे, युधिष्ठिर जिंकला आहे, राज्याभिषेक झाला आहे, आणि तो शरपंजरी पडलेल्या भीष्मांपुढे बसून प्रश्न विचारीत आहे. उपदेश करणारा सत्ताहीन व मरणोन्मुख आहे. ऐकणारा राजा आहे. म्हणजे या पर्वात अनुशासनाचे कर्म राजा आहे, कर्ता नव्हे. शासनाने हे नाव स्वतःच्या कारभारास घेतले तेव्हा भीष्म व युधिष्ठिर यांच्या जागांची अदलाबदल झाली, एवढेच नव्हे, तर त्या वेळी भीष्माच्या वयाचे व अधिकाराचे जे कोणी होते, ते जयप्रकाशांसारखे वृद्ध, तुरुंगात होते.

या पर्वाच्या आरंभीची कथा तर या संदर्भात मुद्दाम वाचण्याजोगी आहे. गौतमी नावाच्या वृद्धेचा मुलगा सर्पदंशाने मरतो. अर्जुनक नावाचा पारधी त्या सर्पाला दोरीने बांधून तिच्यापुढे आणतो आणि त्याला कसे मारू म्हणून विचारतो. गौतमी सोड म्हणते. पारध्याचा युक्तिवाद सुरक्षेचा आहे : शत्रू हाती सापडला असता सोडावयाचा नसतो, एकाला मारल्याने पुष्कळांचे रक्षण होते. सर्प म्हणतो, मी मृत्यूच्या आज्ञेत. मृत्यू म्हणतो, मी काळाच्या आज्ञेत. काळ कर्माकडे बोट दाखवितो. अखेर पाश सुटतो. ज्या पर्वाच्या नावाने स्थानबद्धतेचे समर्थन झाले, त्या पर्वाचा पहिलाच उपदेश बंदिवानाच्या सुटकेचा आहे, हे फलक रंगविणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विनोबांना ते ठाऊक नसेल असे मानणे मात्र कठीण आहे.

वस्तुतः शासनाला आपल्या कृतीसाठी महाभारतातूनच नाव हवे होते तर ते एक पर्व अलीकडे सापडले असते. शांतिपर्वात राजधर्म व मोक्षधर्म यांच्या मधोमध 'आपद्धर्म' नावाचे उपपर्व आहे. संकटकाळी नेहमीचे नियम कोठवर मोडता येतात, याचीच तेथे चर्चा आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी पळवू पाहतात, ही प्रसिद्ध कथा तेथलीच. चांडाळ त्यांना अडवितो, दोघांत दीर्घ वाद होतो, विश्वामित्र आपण नियम मोडत आहोत हे नाकारीत नाहीत. पुढे पाऊस पडतो. आपद्धर्म या नावातच त्याची मर्यादा व त्याचा सल लिहिलेला आहे : हा धर्म आपत्तीपुरता. 'अनुशासन' या नावात तशी कबुली नाही. आपद्धर्म म्हणणाऱ्याला नियमभंग मान्य करावा लागतो. अनुशासन म्हणणाऱ्याला उलट नियमपालनाचे श्रेय मिळते. घोषणा म्हणून दुसरा शब्द पसंत पडावा, यात नवल नाही.

परंतु हा विपर्यास केवळ शासनाच्या धूर्तपणावर घालून भागत नाही. तो शक्य झाला याला एक भाषिक कारण आहे. हिंदीत 'अनुशासन' हा शब्द विसाव्या शतकात इंग्रजीतील 'डिसिप्लिन'चा रूढ पर्याय झाला होता. शाळेतले अनुशासन, सेनेतले अनुशासन, कर्मचाऱ्यावरील अनुशासनात्मक कारवाई. मराठीत ही जागा 'शिस्त' या शब्दाने अडविलेली होती व आहे. हा शब्द फारसीतून आलेला. त्याचा मूळ संबंध नेम धरण्याशी, निशाणाशी. बंदुकीची शिस्त धरणे हा प्रयोग जुन्या मराठीला परिचित आहे. नेम धरण्यास लागणारी सरळ रेषा पुढे वागणुकीची रेषा झाली. म्हणून मराठी कचेरीत 'शिस्तभंगाची कारवाई' होते. गागोद्यात जन्मलेल्या व संस्कृतात रमलेल्या विनोबांच्या मनात 'अनुशासन' म्हणजे आचार्योपदेश असणे स्वाभाविक होते. दिल्लीच्या कानाला तोच शब्द कवायतीचा ऐकू आला. तिथून इंग्रजीत 'डिसिप्लिन' होऊन तो मराठी वृत्तपत्रांत परतला तेव्हा त्याच्या अंगावरचे संस्कृत वस्त्र तेवढे शाबूत होते. एकच शब्द दोन भाषांत दोन अर्थांनी नांदत असेल तर सत्ता ज्या भाषेत बोलते तिचा अर्थ टिकतो.

याचा अर्थ विनोबांना दोषमुक्त करावे असा नव्हे. ज्यांनी आयुष्यभर शब्दांची व्युत्पत्ती उकलण्यात आनंद मानला, त्यांना आपला शब्द बाजारात कसा ऐकला जाईल याचा अंदाज नव्हता, हे पटत नाही. शिवाय त्या शब्दाचा खुलासा होण्यास मौनाची मुदत संपावी लागली. २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सुटल्यावर त्यांनी शासन व अनुशासन यांत स्पष्ट भेद केला : सत्ताधाऱ्यांचे ते शासन, आणि निर्भय, निर्वैर, निष्पक्ष अशा आचार्यांचे ते अनुशासन. त्यानुसार जानेवारी १९७६ मध्ये पवनार येथे आचार्यांचे संमेलन भरले. त्याने राजबंद्यांची सुटका व सामान्य स्थितीची पुनःस्थापना यांची मागणी केली, आणि श्रीमन्नारायण यांनी ती दिल्लीपर्यंत नेली. तिचा परिणाम शून्य झाला. शब्द स्वीकारणाऱ्यांनी खुलासा स्वीकारला नाही. त्याहून उद्बोधक घटना त्याच वर्षीच्या जूनमधील आहे. गोवधबंदीसाठी ११ सप्टेंबरपासून उपोषण करण्याचा मनोदय विनोबांनी प्रकट केला. तो ज्या अंकात छापला होता ते आश्रमाचे 'मैत्री' हे नियतकालिक पोलिसांनी पवनारला जाऊन जप्त केले. त्यांचे दोन शब्द भिंतीवर चालत होते, वाक्य मात्र चालत नव्हते.

महाराष्ट्रात या शब्दनीतीला उत्तर मिळाले तेही महाभारताच्या एका अभ्यासकाकडून, हा योगायोग नोंदवावासा वाटतो. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत होत्या. 'व्यासपर्व' हा त्यांचा ग्रंथ १९६२ चा. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावर दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न उघडपणे मांडला आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. त्यांनी प्रतिघोषणा दिली नाही. ज्याचे नाव छापावयाचे नव्हते ते नाव उच्चारले, एवढेच. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. त्याच वर्षी राज्य विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर निर्बंध घालणारे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. अनुशासनाचा अर्थविस्तार माणसाच्या शरीरापर्यंत जाऊन पोचला होता, हे त्यावरून दिसते.

सुरक्षाविषयक धोरणाला सौम्य नाव देण्याची ही पद्धत एकट्या १९७५ ची नव्हे, की एका पक्षाची नव्हे. डचांनी १९४७ मध्ये इंडोनेशियात सैन्य घातले तेव्हा त्यास 'पोलिसी कारवाई' म्हटले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात प्रवेश केला त्यासही 'पोलीस कारवाई' हेच नाव मिळाले. मराठवाड्यात जुनी माणसे अजून 'पोलीस ॲक्शन' असेच म्हणत. आणि डचांच्या दुसऱ्या कारवाईविरुद्ध जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत परिषद भरविणारे सरकार भारताचेच होते. कारण दोहोंचे समर्थनीयत्व सारखे नव्हते, हे खरे. शब्द मात्र एकच होता. अल्जीरियातील आठ वर्षांच्या लढ्यास फ्रान्सच्या कायद्याने 'युद्ध' म्हणावयास १९९९ साल उजाडले.

आपल्या समासप्रिय भाषांत याला एक खास सोय आहे. समासात विभक्ती लोपते, आणि विभक्तीबरोबर जबाबदारीही. महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जुलै २०२५ मध्ये संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या नावातील 'जनसुरक्षा' हा समास सोडवून पाहावा. जनांची सुरक्षा म्हटली तर षष्ठी तत्पुरुष. जनांपासून सुरक्षा म्हटली तर पंचमी. समर्थक पहिला विग्रह करतात, टीकाकारांचा सारा आक्षेप दुसऱ्यात मावतो, आणि विधेयकाचे नाव दोघांना सारखेच वापरता येते. व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण उपयोगी पडेल. २०२४ मध्ये केंद्र शासनाने २५ जून हा 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीर केला, तोही समासच. येथे मात्र कर्ता कोण हे सांगण्याची शासनास उत्सुकता होती, कारण कर्ता दुसरा होता.

'आपत्ती' या शब्दाचे उलट उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे अतिवृष्टीत डोंगर खाली आला आणि ८० हून अधिक माणसे दगावली. तेथे 'आपत्ती' हा शब्द कोणास समजावून द्यावा लागला नाही, त्यासाठी फलक लागले नाहीत. डोंगर आधी आला, शब्द नंतर आला. पंचनाम्यात, अनुदानाच्या कागदात, पुनर्वसनाच्या आदेशात तो शब्द लोकांनीच शासनापुढे धरला व त्याचा अर्थ मागितला. जून १९७५ मध्ये क्रम उलटा होता : शब्द आधी निघाला आणि त्याला जुळणारे संकट जुलै महिन्यात श्वेतपत्रिका काढून संसदेपुढे वर्णावे लागले.

१९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणी उठली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मधील 'अंतर्गत अशांतता' काढून तेथे 'सशस्त्र उठाव' हे शब्द घातले. अशांतता मनात असू शकते, सभेत असू शकते, गिरणीत असू शकते. सशस्त्र उठावाला शस्त्र दाखवावे लागते. शब्दाच्या व्याप्तीवर घातलेली ही मर्यादा आपल्या विधिलेखनातील एक मोलाची घटना आहे, आणि तिच्याकडे भाषाभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही. 'अनुशासन'चे मराठीत पुढे काय झाले, हे मात्र सांगणे सोपे आहे. फलक उतरले, आणि शब्द पुन्हा पोथीत व हिंदीच्या पाठ्यपुस्तकात गेला. मराठी शाळेत आजही मुलांना शिस्तच लावतात.